टिंबाच्या पुढचं आडनाव

ज्या बाईविषयी हे लिहितोय ती हे वाचणार, यात शंका नाही. आणि वाचणार तेही शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दाकडे. तेव्हा शेवटी काहीतरी राखून ठेवावं आणि तिला चकित करावं, ही सोय तिने माझ्याकडून आधीच काढून घेतली आहे. तुम्ही मात्र सरळ वाचता, म्हणून तुम्हाला सांगतो.

आमच्या गल्लीच्या टोकाला छापखाना आहे. मी तिथे बांधणी खात्यात होतो. छापलेल्या तावांना घड्या घालायच्या, शिवायचं, कडा कापायच्या. पुढे हात थरथरायला लागले म्हणून काम सुटलं, पण दुपारी तिथे जाऊन बसायची सवय काही सुटली नाही. चहा मिळतो, बातम्या मिळतात. बातम्या कमी पडल्या तर आम्ही तिथेच तयार करतो. छापखानाच आहे शेवटी.

तर या छापखान्यात खिडकीपाशी एक लाकडी खुर्ची आहे आणि त्या खुर्चीत एकतीस वर्षं एक बाई बसत आली आहे. छपाईला जाण्याआधी कागद न् कागद तिच्या नजरेखालून जायचा. कामाचं नाव मुद्रितशोधन, बाईचं नाव वेलांटीमावशी. हे नाव कोणी ठेवलं ते विचारू नका. ज्याने ठेवलं तो अजून दुपारचा चहा तिथेच पितो.

तिची कामाची रीत जगावेगळी. ओळीखाली लाकडी पट्टी धरायची, हातात लाल पेन घ्यायचं आणि ओळ शेवटून वाचायची. सरळ वाचलं की अर्थ बोट धरून पुढे ओढत नेतो, त्याच्या नादात चूक निसटून जाते, असं तिचं म्हणणं. उलटं वाचलं की प्रत्येक शब्द एकटा पडतो, ओळखपरेडीला उभा केल्यासारखा. त्यातही ओळीच्या शेवटच्या शब्दावर तिचा डोळा जास्त. टाइप करणारा शेवटाकडे येईपर्यंत दमतो, तपासणाराही दमतो, आणि चुकांना हे बरोबर ठाऊक असतं. त्या शेपटाकडेच दबा धरून बसतात.

या स्वभावापायी तिचं लग्न जमेना, हे मी सांगितल्याचं तिला सांगू नका. तरुणपणी एका शाळामास्तराने तिला चार पानी पत्र लिहिलं होतं. आतून उमाळा, बाहेरून अत्तर. तिसऱ्या दिवशी मास्तरांना ते परत मिळालं, समासात चौदा वेलांट्या आणि सहा काने दुरुस्त केलेले, खाली शेरा: 'मजकूर ठीक. पुन्हा एकदा तपासून पाठवावे.' मास्तरांनी काही पाठवलं नाही. मग एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याने तिला दुकानाच्या पायरीवर उभं राहून तोंडी विचारलं आणि तिथे जमलं. लिहिलं असतं तर तोही गेला असता. तो आजही घरात चिठ्ठी ठेवत नाही. दूध आणायचं असेल तर रिकामं भांडं ओट्यावर ठेवतो.

मावशीचा दबदबा कशामुळे बसला तेही सांगतो. मागे एका दवाखान्याचं पत्रक छापायला आलं होतं. दवाखाना इथला नव्हे, आणि असता तरी मी नाव सांगितलं नसतं. पहिलीच ओळ मोठ्या अक्षरात: 'आपल्या माणसाची चिंता आता आमच्यावर सोपवा.' टाइप करताना 'चिं'वरचं टिंब उडालं. काय झालं ते तुम्हीच वाचून पाहा. दवाखान्याचे डॉक्टर ते पाहून गेले होते, मालकांनी पाहिलं होतं, मीही पाहिलं होतं. छपाई सुरू व्हायला पाच मिनिटं असताना मावशीने उलट्या बाजूने येऊन ते पकडलं. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली की टिंबाला कोणी लहान समजू नये. हे टिंब लक्षात ठेवा. ते पुन्हा येणार आहे, वरून नव्हे, मधून.

हे सगळं थोरल्या मालकांच्या काळातलं. ते गेले आणि त्यांचा मुलगा गादीवर आला. मुलगा वाईट नाही. मावशीच्या डोळ्यांसमोर वाढलेला. लहानपणी अर्ध्या चड्डीत शाळेचा निबंध घेऊन तिच्या खुर्चीपाशी उभा राहायचा आणि लाल खुणा पाहून रडकुंडीला यायचा. त्यामुळे चारचौघांत ती त्याला 'अहो मालक' म्हणते आणि कोणी नसेल तेव्हा 'अरे'. तो मात्र दोन्ही वेळा 'मावशी'च म्हणतो, आणि दोन्ही वेळा थोडा दचकलेला असतो.

या धाकट्या मालकांनी काचेची खोली बांधली, तिच्यात कॉम्प्युटर ठेवला, त्याच्यासाठी गार हवेचं यंत्र लावलं. माणसांना पंखा तोच, जुना. कॉम्प्युटरवर बसायला एक बाई आली. बोटं इतकी चपळ की बाहेर फक्त टकटक ऐकू यायची, म्हणून तिचं नाव टकटकताई. आणि मग एक दिवस मालकांना कळलं की चुकलेल्या शब्दाखाली कॉम्प्युटर आपणहून लाल रेघ ओढतो. लाल रेघ म्हटल्यावर त्यांना मावशी आठवली, आणि मावशी आठवल्यावर तिची खुर्ची आठवली.

दोन दिवस ते घुटमळले. तिसऱ्या दिवशी बोलले. पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत मावशींनी यावं, झाडांच्या पुस्तकाचं काम संपवावं, मग आराम करावा. आयुष्यभर डोळे झिजवले आहेत. खिडकीपाशी गिऱ्हाइकांसाठी कोच टाकायचा आहे, असंही त्यांच्या तोंडून निघून गेलं. कोचाचं ते बोलले नसते तर बरं झालं असतं.

मावशीने पट्टी पुढच्या ओळीखाली सरकवली. तिच्या पोटाचा प्रश्न नव्हता. घरात माणसं दोन, खाणं चिमणीचं, घड्याळाचं दुकान चालतं. प्रश्न होता तो सकाळी दहा वाजता कुठे जायचं याचा. एकतीस वर्षं त्या खुर्चीच्या हातांवरचा रंग तिच्या कोपरांनी गेला होता. तिथे आता कोणीतरी पाय पसरून वाट बघत बसणार होतं.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. त्याने डोळ्याला लावलेलं भिंग काढलं नाही. म्हणाला, कागद बंद झाले असतील तर पडद्यावर वाच, वाचणं तर तेच. एका वेळी इतकी लांब वाक्यं तो वर्षातून एकदा बोलतो, म्हणून तिने ते मनावर घेतलं. वाचनालयात मोठ्या माणसांसाठी दुपारी कॉम्प्युटरचा वर्ग चालायचा. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मावशी तिथे पहिल्या बाकावर जाऊन बसली. पहिल्याच दिवशी तिने फळ्यावरच्या दोन चुका दुरुस्त केल्या, हे मला तिथल्या शिपायाने सांगितलं.

वर्ग घ्यायच्या ग्रंथपाल बाई. त्यांची हयात पुस्तकांच्या कार्डांवर गेलेली, त्यामुळे सगळ्या गोष्टी त्या कार्डांच्या भाषेत सांगायच्या. प्रत्येक फाइलला एक नाव असतं आणि एक आडनाव, असं त्या म्हणाल्या. मध्ये टिंब. टिंबाच्या आधीचं नाव आपण ठेवतो, पुढचं आडनाव सांगतं की ही फाइल कोणत्या घरची: चित्र आहे, पत्र आहे, गाणं आहे, की स्वतः उठून काम करणारा प्रोग्रॅम आहे. आमच्या कार्डावर आडनाव आधी येतं, कॉम्प्युटरकडे शेवटी, एवढाच फरक.

मावशीने टिंब हा शब्द ऐकला आणि सावरून बसली. तिने विचारलं की मग छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर ही आडनावं का दिसत नाहीत. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, लोकांना गोंधळायला नको म्हणून तो ती झाकून ठेवतो. बहुतेक घरी झाकलेलीच असतात.

"शेवटची अक्षरं झाकतो?" मावशी म्हणाली. "कोणाला विचारून?"

वर्गातले बाकीचे हसले. ती हसली नाही. जिने जन्मभर शेवटापासून वाचलं, तिला शेवटच कापून वाचायला देतात, हा तिला अपमान वाटला. मग ग्रंथपाल बाईंनी दाखवलं. फाइलींचा कप्पा उघडायचा, वरच्या पट्टीत 'व्ह्यू' लिहिलेलं असतं तिथे जायचं, 'शो'मध्ये शिरायचं, आणि फाइलच्या एक्स्टेन्शनसमोर, म्हणजे आडनावासमोर, खूण करायची. खूण केली आणि पडद्यावरच्या सगळ्या नावांना एकदम शेपट्या फुटल्या. जाता जाता बाईंनी इशाराही दिला: लबाड लोक घातकी प्रोग्रॅमला कागदाचा वेष चढवून पाठवतात, वरचं चित्रही कागदाचंच लावतात, पण आडनाव बदललं तर तो चालणार नाही म्हणून ते मात्र खरंच ठेवावं लागतं. चांगल्या आडनावाचा प्रत्येक जण चांगला असतो असं नाही. पण वेष एक आणि आडनाव दुसरं, अशाला दारातच थांबवावं.

दुसऱ्या दिवशी मावशी छापखान्यात आली ती थेट काचेच्या खोलीत. टकटकताईला तिने ती खूण करायला लावली. टकटकताईने नाक मुरडलं, पण केली. आणि इथे मावशीचं नशीब आडवं आलं.

चारच दिवसांनी टकटकताईला झाडांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाचं नाव बदलायचं होतं. 'मुखपृष्ठ जुने' होतं, त्याचं 'मुखपृष्ठ नक्की' करायचं. आजवर ती सगळं पुसून नवं लिहायची, कारण दिसायचंच तेवढं. त्या दिवशीही तिने सपाटून सगळं पुसलं, टिंब आणि आडनाव यांसकट. कॉम्प्युटरने विचारलं की असं केल्यास फाइल निकामी होऊ शकते, करू का? आता कॉम्प्युटरचे प्रश्न कोण वाचतं? तिने 'हो' दाबलं. मुखपृष्ठावरचं सुंदर झाड गेलं आणि त्या जागी कोरा पांढरा कागद आला. उघडावं तर कॉम्प्युटर विचारतो, ही फाइल कशाने उघडू? जणू घरचंच माणूस दारात आलं आणि घरातले विचारताहेत, आपण कोण?

मग जो आरडाओरडा झाला तो मी बांधणी खात्यात बसून चवीने ऐकला. टकटकताई म्हणत होती की ही मावशींची शेपटं आल्यापासून काही धड चालत नाही. मालक तासभर हेलपाटत होते. शेवटी मावशीने वाचनालयात फोन लावला. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, टिंब द्या आणि आडनाव परत लिहा. लिहिलं, झाड परत आलं. पण तोवर मालकांचा पारा चढला होता. त्यांनी स्वतः जाऊन ती खूण काढली, सगळी आडनावं पुन्हा झाकली, आणि मावशीला म्हणाले, आवाज न चढवता म्हणाले, म्हणून जास्त लागलं:

"मावशी, महिनाभराचा प्रश्न आहे. निवांत बसा ना."

ती निवांत बसली. म्हणजे पट्टी धरून ओळी उलट्या वाचत बसली, आणि चहाला उठली नाही. मी दोनदा चिडवून पाहिलं, एकदा मुद्दाम 'वेलांटि' असं ऱ्हस्व लिहून कागद पुढे सरकवला. तिने नुसती खूण करून परत दिला. तेव्हा मला पहिल्यांदा काळजी वाटली.

आता झाडांच्या पुस्तकाबद्दल. आमच्याकडे एक निवृत्त सर आहेत, त्यांनी या गावातलं झाड न् झाड पायी फिरून नोंदवलं आहे. कोणत्या गल्लीत, कोणाच्या कुंपणात, कधी फुलतं, कोणी तोडायला निघालं होतं. सहाशेवर झाडं, तीन वर्षांचं काम. सरांच्या मूळ वह्या होत्या, पण नंतर केलेल्या सगळ्या दुरुस्त्या, चित्रं, पानांची मांडणी, सगळं त्या एका कॉम्प्युटरात. दुसरी प्रत एका डबीत, म्हणजे सुट्या हार्ड डिस्कमध्ये, ठेवली होती, पण ती डबी कायम त्याच कॉम्प्युटरला जोडलेली. घराची दुसरी किल्ली आपल्याच दाराला लटकवून ठेवावी, तशी. हे शहाणपण आम्हाला नंतर सुचलं.

महिना संपायला आठ दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी पुस्तक छपाईला जाणार होतं. मावशी शेवटची पानं पडद्यावर मिळवून पाहायला काचेच्या खोलीत टकटकताईच्या मागे बसली होती. मालक उभे होते, हातात पेला. मी दारात, कारण तिथे गार हवा येते.

तेवढ्यात सरांच्या पत्त्यावरून मेल आला. खरं तर सरांच्या सुनेच्या पत्त्यावरून; सरांचं लिहिणं-पाठवणं तीच करते. मजकूर एका ओळीचा: शेवटच्या दुरुस्त्या जोडल्या आहेत, तातडीने पाहाव्यात. सोबत एक बांधलेलं गाठोडं, म्हणजे झिप फाइल. टकटकताईने ते गाठोडं सोडवून आतली फाइल 'आलेली कामं' या कप्प्यात टाकली. लाल पट्टीच्या कागदाचं चित्र, खाली नाव. मालक म्हणाले, आता शेवटच्या घटकेला काय दुरुस्त्या, उघड बघू लवकर.

मावशीची पट्टी हातातच होती. तिने सवयीने ती पडद्यावर सगळ्यात खालच्या नावाखाली धरली आणि वर वर वाचत गेली. पानं एक ते चाळीस. पानं एक्केचाळीस ते ऐंशी. नकाशा. सूची. मुखपृष्ठ नक्की. शेवटच्या दुरुस्त्या टिंब पीडीएफ. तिथे पट्टी थांबली. ती पुन्हा खाली गेली, पुन्हा वर आली.

"थांब गं," ती टकटकताईला म्हणाली. "हा गडी आडनाव कसा सांगतोय?"

टकटकताईला कळलं नाही. मालक म्हणाले, मावशी, पीडीएफ आहे ते, आपल्याकडे सगळ्याच पीडीएफ असतात. मावशी म्हणाली, तेच तर. या कप्प्यात पीडीएफ निदान तीस आहेत. तुम्ही मागे सगळ्यांची आडनावं झाकलीत. तिसांतल्या एकाचंही दिसत नाही. मग याचं एकट्याचं उघडं कसं?

मालकांना वाटलं असावं की म्हातारीने पुन्हा तेच धरून ठेवलंय. ते म्हणाले, वेळ नाहीये, मीच उघडतो, आणि पेला ठेवून त्यांनी माउसकडे हात नेला.

लाकडी पट्टी त्यांच्या बोटांवर बसली. फार जोरात नाही, निबंधात चूक सापडल्यावर बसायची तेवढीच.

"हात लावू नकोस," मावशी म्हणाली. चारचौघांत, गिऱ्हाईक बाहेर उभं असताना, तो मालक झाल्यापासून पहिल्यांदा एकेरीत. "आधी ती खूण कर. मग उघड हवं तर."

मालकांनी हात मागे घेतला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, क्षणभर तिथे अर्धी चड्डी दिसली. ते टकटकताईला म्हणाले, कर. टकटकताई वरच्या पट्टीत गेली, खूण केली. सगळ्या नावांना शेपट्या फुटल्या. पानांच्या पुढे पीडीएफ आलं, सूचीच्या पुढे पीडीएफ आलं, नकाशापुढे चित्राचं आडनाव आलं. आणि 'शेवटच्या दुरुस्त्या टिंब पीडीएफ' याच्या पुढे आणखी एक टिंब आलं, आणि त्यापुढे ईएक्सई.

पीडीएफ हा नावाचाच भाग होता. कोणीतरी ते आडनावासारखं दिसावं म्हणून नावात घातलं होतं, खरं आडनाव कॉम्प्युटर झाकणार याची खात्री धरून. ईएक्सई म्हणजे प्रोग्रॅम. उघडला की वाचायला काही देत नाही, स्वतःच कामाला लागतो. पण लबाडी करणाऱ्याच्या हे ध्यानात आलं नाही की जिथे सगळ्यांचीच आडनावं झाकलेली आहेत, तिथे आडनाव मिरवत येणारा उठून दिसेल. मालकांनी रागाने खूण काढली नसती, तर मावशीला तो इतक्या लांबून कदाचित दिसलाही नसता. हे मी मालकांना नंतर सांगितलं, तर ते म्हणाले, म्हणजे वाचवलं मीच. मी म्हटलं, मावशीसमोर म्हणून दाखवा.

सरांच्या घरी फोन लावला. सूनबाई रडवेल्या आवाजात म्हणाल्या की त्यांनी काही पाठवलेलं नाही. सकाळपासून त्यांच्या नावाने कोणीतरी सगळ्यांना काहीबाही पाठवतंय, त्या एकेकाला फोन करून सांगताहेत, आमचा नंबर अजून यायचा होता. मग मागून सरांचा आवाज आला. दुरुस्त्या आहेत, पण त्यांनी त्या कागदावर लिहिल्या आहेत आणि पिशवीत घालून ते निघालेलेच आहेत. ईएक्सई वगैरे आपल्या बागेत नाही, असंही म्हणाले.

ग्रंथपाल बाईंना विचारून आम्ही ती फाइल न उघडता पुसली, कचऱ्याच्या टोपलीतूनही पुसली, कॉम्प्युटर तपासून घेतला. हे चालू असतानाच पलीकडचे फोटोवाले धावत आले. सरांच्या पुस्तकातले बरेचसे फोटो त्यांचे, त्यामुळे त्यांनाही तोच मेल आला होता, फक्त नाव 'निवडलेले फोटो' असं. त्यांनी उघडला होता. आता त्यांचा एकही फोटो उघडेना, सगळ्यांची नावं विचित्र झालेली, आणि पडद्यावर पैसे मागणारी धमकी. बिचारे दारातच खाली बसले. मावशीने त्यांना पाणी दिलं आणि विचारलं की झाडांचे फोटो आमच्याकडे आहेतच, बाकीच्यांची दुसरी प्रत कुठे असेल का. तेव्हा त्यांना आठवलं की बायकोने मागच्या वर्षी कपाट आवरताना सगळं एका सुट्या डिस्कवर उतरवून ठेवायला लावलं होतं आणि त्यावरून त्यांचं भांडणही झालं होतं. वर्षभराचे फोटो गेले, पण त्याआधीचं सगळं त्या डिस्कवर सापडलं. आता ते बायकोशी भांडत नाहीत म्हणतात. मला शंका आहे.

सर पिशवी घेऊन आले. सतरा दुरुस्त्या होत्या. मावशीने त्या लावून घेतल्या आणि जाता जाता त्यांच्या कागदावरच्या दोन वेलांट्याही नीट केल्या. पुस्तक ठरल्या दिवशी छपाईला गेलं.

खुर्चीबद्दल मात्र कोणीच बोलेना. सहा दिवस उरले, पाच उरले. कोच आला. हमालांनी विचारलं कुठे ठेवू, आणि मालकांनी खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाले, दाराशी ठेवा. टकटकताईने माझ्याकडे पाहिलं, मी टकटकताईकडे. मावशीने पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटरचा आणखी एक पडदा आणून खिडकीपाशी जोडला आणि मोघमच जाहीर केलं की इथून पुढे बाहेरून येणारी प्रत्येक फाइल आधी या पडद्यावर उतरेल आणि मग आत जाईल. कोण बघेल ते बोलले नाहीत. पडदा त्या खुर्चीसमोर होता, तेव्हा बोलायची गरजही नव्हती. डबीही आता रोज प्रत घेतल्यावर काढून कपाटात ठेवतात. टकटकताई फाइलचं नाव बदलताना टिंबापाशी थांबते. थांबते म्हणजे तिची टकटक तिथे एका ठोक्यापुरती अडते, ते बाहेर ऐकू येतं.

आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी, ज्या दिवशी मावशीने आराम करायला जायचं होतं, मालक एक कागद घेऊन खिडकीपाशी आले. कॉम्प्युटरवर न लिहिता हाताने लिहिलेला. भिंतीवर लावायची सूचना होती. मावशीच्या खांद्यावरून मी वाचली: 'फाइल उघडन्यापूर्वी टिंबापुढचे अडनाव पाहा. दोन अडनावे दिसल्यास मावशींना विचारल्याशिवाय हात लाऊ नये. हुकूमावरून.'

मावशीने पट्टी घेतली, खालून वर वाचत आली. मालक हात मागे बांधून उभे होते. लाल पेन पाचदा टेकलं.

"लाल रेघवाल्याकडून तपासून घेतलं नाहीस वाटतं," ती म्हणाली. पुन्हा एकेरीत, आणि आम्ही सगळे होतो.

"नाही. इकडेच आणलं."

तिने कागद परत दिला. मालक खुणा बघत दोन पावलं गेले, थांबले, आणि विचारलं की नीट लिहून झाल्यावर दाखवायला कधी आणू.

"उद्या दहाला ये," मावशी म्हणाली. "मी असतेच."